ॲटनबरो: आडनाव आणि वाय गुणसूत्र

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचं गाव आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होतो अ‍ॅडा नावाच्या माणसाची गढी. या गावचे लोक इतरत्र स्थायिक झाले आणि गावाचं नाव त्यांना चिकटलं. निसर्गपटांमुळे गाजलेल्या डेव्हिड ॲटनबरोंमुळे ते जगभर पोचलं, पण ब्रिटनमध्येही हे आडनाव विरळाच सापडतं. त्याचं वैज्ञानिक मोल या विरळपणातच आहे.

आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. फक्त पुरुषांत असणारं वाय गुणसूत्रही तसंच, पिढ्यानपिढ्या फारसं न बदलता. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची ही गुणसूत्रं तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगावी होते, त्यामुळे दोन स्मिथांमध्ये अनोळखी माणसांपेक्षा जास्त साम्य दिसलं नाही. ॲटनबरोंपैकी मात्र दहातले जवळपास नऊ जण एकाच प्रकारच्या गुणसूत्राचे निघाले.

म्हणजे मूळपुरुष एकच होता का? तसंच काही नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. सुरुवातीला हे नाव चार-पाच घरांनीही घेतलं असेल. मग एका घरात फक्त मुलीच झाल्या, दुसऱ्या घरातले मुलगे साथीत दगावले. अशी घराणी निव्वळ योगायोगाने गळत जातात आणि शेवटी एखादीच शाखा उरते. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी आडनावं कशी नामशेष होतात याचं गणित १८७४ मध्येच मांडलं होतं.

आडनाव तेच, पण ज्यांचं गुणसूत्र जुळत नाही, त्यांच्यामागे दत्तक घेणं, आईचं आडनाव लावणं, विवाहबाह्य संबंध अशी कारणं असतात. या अभ्यासानुसार असं एका पिढीत शंभरातल्या एक ते साडेचार जणांच्याच बाबतीत घडलं. ‘दहातलं एक मूल परक्याचं’ असं बेधडक सांगणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

याच गटाला २००७ मध्ये यॉर्कशायरच्या एका दुर्मीळ आडनावात आफ्रिकी वंशशाखेचं गुणसूत्र सापडलं होतं. तपासलेल्या १८ पुरुषांपैकी सात जणांत ते होतं, आणि आपल्या या वारशाची त्यांना कल्पनाही नव्हती. त्यांच्या वंशावळी दोन घराण्यांत एकत्र आल्या, १७८८ आणि १७८९ पर्यंत मागे गेल्या. या दोन घराण्यांना जोडणारा पूर्वज त्याहून जुना असला पाहिजे.