आधी थांबायचं, मग उतरायचं

हॅरियर म्हटलं की जागच्या जागी सरळ वर उठणारं विमान डोळ्यांसमोर येतं. पण युद्धात त्याची खरी करामत दिसली ती उतरताना.

सरळ उठण्याचं गणित वजनापाशी अडतं. सी हॅरियर म्हणजे हॅरियरचा नौदलासाठीचा अवतार. त्याच्या पेगॅसस इंजिनाचा जोर साधारण ९,७५० किलोंचा. इंधन आणि शस्त्रं ठासून भरली की विमानाचं वजन ११,८८० किलोपर्यंत जातं. एवढा भार सरळ वर उचलला जाणार नाही, म्हणून भरलेलं विमान थोडं पळवूनच उडवायचे. परतताना इंधन जळून भार उतरलेला असतो. तेव्हा तेच विमान हवेत उभं राहू शकतं.

पेगॅससला चार नॉझल, म्हणजे झोत सोडणारी वळती तोंडं, आहेत. पुढच्या दोन्हींतून पंख्याने दाबलेली थंड हवा बाहेर पडते, मागच्या दोन्हींतून तापलेल्या वायूचा झोत. इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलशेजारचा एक दांडा ओढला की चारही एकदम खाली वळतात. एवढ्या मोठ्या करामतीसाठी वैमानिकाच्या हाताशी फक्त एक जादा दांडा! मला या विमानातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

पण उभ्या विमानाच्या पंखांवरून वारा वाहत नाही, त्यामुळे वळण्या-सावरण्याची नेहमीची साधनं निकामी होतात. म्हणून नाकाशी, शेपटीशी आणि पंखांच्या टोकांना बारीक झोतांची सोय केली. त्यांना हवा इंजिनातूनच मिळते. आणि काचेच्या पुढे, अगदी नजरेसमोर, एक छोटं वातकुक्कुट. वारा कुशीवर आला तर विमान कलंडण्याचा धोका असतो. वातकुक्कुट बघत वैमानिक नाक वाऱ्याकडे ठेवतो.

१९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं बळकावली, तेव्हा ब्रिटनच्या ‘हर्मीस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या दोन विमानवाहू नौका सुमारे १३,००० किलोमीटर दूर निघाल्या. दोन्हींच्या टोकाला वर चढत जाणारा उतार होता, ‘स्की जंप’. त्यामुळे छोट्याशा धावेतही विमान वरच्या दिशेने फेकलं जाई आणि जास्त भार नेता येई. दक्षिण अटलांटिकचा तो हिवाळा होता. धुकं, उसळता समुद्र, हेलकावणारी डेक. साध्या विमानाला वेगाने येऊन डेकवरच्या तारेत आकडा अडकवावा लागतो. हॅरियर नौकेच्या बाजूला येऊन हवेत थांबे, डेकवर सरके आणि खाली बसे. हवाई झुंजींत सी हॅरियरने सुमारे २० विमानं पाडली, स्वतः एकही गमावलं नाही. श्रेय साइडवाइंडर क्षेपणास्त्रांचं आणि वैमानिकांच्या सरावाचं. अर्जेंटिनाची विमानं लांबून येत, त्यांना लढायला इंधन फारसं उरत नसे, हेही खरं. तरी सहा सी हॅरियर गेली: दोन जमिनीवरच्या माऱ्याने, चार अपघातांत. त्यातली दोन ६ मे रोजी खराब हवेत हरवली, वैमानिकांसकट.

पुढे ‘हर्मीस’ आपल्याकडे आली आणि १९८७ मध्ये ‘विराट’ झाली. भारतीय सी हॅरियर १९८३ पासूनच गोव्यात दाबोळीला होती. उष्ण हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाचा जोर घटतो. फॉकलंडच्या थंडीत ही अडचण नव्हती. आपल्या वैमानिकांना मात्र उकाड्यातही तेच हवेत उभं राहणं साधायचं होतं, आणि २०१६ पर्यंत त्यांनी ते साधलं.