मालक आणि पाठीराखे (मुंबईतील फुटबॉल)

फुटबॉल संघ ज्याच्या मालकीचा आहे तो मालक आणि त्याच संघाला ‘आपला’ म्हणणारा पाठीराखा यांच्यात संघाच्या कारभारावरून होणारा बेबनाव. तिकिटांचे दर, मैदानाची जागा, संघाचे नाव, रंग व बोधचिन्ह, प्रशिक्षकाची हकालपट्टी, डोक्यावरचे कर्ज आणि सगळ्यात शेवटी संघ चालवायचा की गुंडाळायचा, या प्रश्नांवर तो पेटतो. कायद्याच्या लेखी संघ ही कंपनी असते आणि तिच्या कागदपत्रांत पाठीराख्याला कुठेही जागा नसते. पण मालक बदलतात, प्रशिक्षक आणि खेळाडू येतात-जातात. त्याच स्टँडात वर्षानुवर्षे उभा राहतो तो पाठीराखाच. ‘संघ कोणाचा?’ या प्रश्नाला म्हणूनच दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

युरोपात हे भांडण बहुधा मालक खुर्ची सोडत नाही म्हणून होते. मुंबईचा इतिहास वेगळा आहे. इथे मालक निघून जातो. संघ बंद झाल्याची बातमी एका निवेदनातून कळते, आणि भांडायला समोर कोणी उरत नाही. मुंबईच्या पाठीराख्याला वाईट मालकापेक्षा जाणाऱ्या मालकाची धास्ती जास्त वाटते, ती या अनुभवातून.

कंपन्यांचे संघ

१८९१ साली पहिल्यांदा खेळल्या गेलेल्या रोव्हर्स चषकाने मुंबईला फुटबॉलचे वेड लावले. स्वातंत्र्यानंतर शहरातले नावाजलेले संघ उभे राहिले ते कंपन्यांच्या आधाराने : टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स), महिंद्रा. खेळाडू हा त्या कंपनीचा पगारी नोकर असे. सकाळी सराव आणि मग कामावर हजेरी. कित्येक घरांना या नोकऱ्यांनी स्थैर्य दिले, हे विसरता येणार नाही. पण संघ टिकणार की नाही, हे मैदानावर कधीच ठरत नसे. ते कंपनीच्या कचेरीत ठरे. ज्या शहरात ‘मालक’ म्हटले की गिरणीचा मालक डोळ्यांपुढे येतो, त्या शहरात कामगारांना निदान युनियन होती, संपाचे हत्यार होते. दक्षिण मुंबईतल्या कूपरेज या फुटबॉल मैदानाच्या बाकावर बसणाऱ्या प्रेक्षकाजवळ त्यातले काहीच नव्हते.

महिंद्रा युनायटेडचे उदाहरण आजही जुन्या प्रेक्षकांच्या जिव्हारी लागते. १९६२ साली सुरू झालेल्या या संघाने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. ड्युरँड आणि फेडरेशन चषकही त्याने मुंबईत आणले होते. २००९-१० चा हंगाम संपल्यावर कंपनीने संघ बंद केला आणि यापुढे शालेय व तरुण मुलांच्या फुटबॉलवर भर देणार असल्याचे सांगितले. मुलांच्या फुटबॉलवर पैसा खर्च होण्याला कोणाचाच विरोध नसतो. मात्र अठ्ठेचाळीस वर्षांचा, देशाचे विजेतेपद मिळवलेला संघ संपवताना त्याच्या प्रेक्षकांना विचारायला हवे, अशी पद्धतच इथे कधी पडली नाही. शहरात एवढा मोठा संघ बंद झाला आणि रस्त्यावर ओरड झाली नाही. ती का झाली नाही, हा या नोंदीतला कळीचा प्रश्न आहे. कंपनीचा संघ हा कंपनीचाच, ही समजूत प्रेक्षकांनीही मनोमन मान्य केली होती.

ही समजूत मोडायला सुरुवात झाली मुंबई एफसीपासून. एस्सेल समूहाने २००७ मध्ये काढलेल्या या संघाला कंपनीचे नाही, शहराचे नाव होते. पिवळ्या जर्सीतल्या पाठीराख्यांनी ‘यलो ब्रिगेड’ हे नाव घेतले. कूपरेजचे काम चालू असताना संघाला घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. प्रशिक्षक खालिद जमील यांनी तुटपुंज्या साधनांत हा संघ वर्षानुवर्षे आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, तगवून ठेवला. २०१६ मध्ये त्यांची आणि संघाची फारकत झाली. पुढच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच तक्त्यात मुंबई एफसी तळाला राहून खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि त्यानंतर गुंडाळला गेला. जमील २०२५ मध्ये भारताचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. पाठीराख्याचे शहाणपण मालकाच्या हिशेबात धरले जात नाही, ही तक्रार मुंबईत करताना लोक हेच एक उदाहरण देतात, आणि ते पुरेसे आहे.

मुंबई सिटी : आकाशी निळा आणि पश्चिमेचा स्टँड

इंडियन सुपर लीगसाठी (आयएसएल) २०१४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटी एफसीचे सुरुवातीचे मालक अभिनेते रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख. पहिले दोन हंगाम संघ नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. मैदान भव्य, पण अंधेरी-मालाडकडून आलेल्या पाठीराख्याला रात्री सामना सुटल्यावर हार्बरची गाडी गाठून, पुढे गाडी बदलून घर गाठायचे म्हणजे मध्यरात्र होई. २०१६ पासून संघ अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात, मुंबई फुटबॉल एरीनात आला. मेट्रोचे आझाद नगर स्थानक अगदी शेजारी, प्रेक्षकांसाठी जागा जेमतेम सात हजारांच्या आसपास, आणि बाकापासून खेळाडू हाकेच्या अंतरावर. पश्चिमेकडच्या स्टँडात ढोल घेऊन उभे राहणारे ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या मैदानाचा आवाज बनले. मैदान मात्र संघाचे नाही. महापालिकेशी जोडलेले बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान हे संकुल चालवते, त्यामुळे गैरसोयींबद्दल दाद मागायची तर मालकाकडे की प्रतिष्ठानाकडे, हा गुंता कायम राहतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या पाठीमागे असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने संघाचे ६५ टक्के समभाग घेतले. त्या समूहातला हा आठवा संघ. पैसा आला, प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले, जगभरच्या संघांचे अनुभव आले. २०२०-२१ मध्ये लीग शील्ड (साखळी फेरीतल्या पहिल्या क्रमांकाची) आणि चषक (बाद फेरीच्या विजेत्याचा) दोन्ही मिळाले. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेतला सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ म्हणून मुंबई सिटीची नोंद झाली. २०२२-२३ ची शील्ड आणि २०२३-२४ चा चषकही मिळाला. असा मालक कोणाला नको असेल? अंधेरीत त्याच्याविरुद्ध घोषणा देण्याचे कारणच नव्हते.

पण या यशाची एक बाजू स्टँडातल्या माणसालाच ठाऊक आहे. २०२०-२१ चा सगळा हंगाम कोविडमुळे गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. अंतिम सामन्यात बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला गोल केला तेव्हा फातोर्ड्याला मुंबईचा एकही पाठीराखा नव्हता. २०२३ ची शील्ड पक्की झाली तीही फातोर्ड्यालाच, एफसी गोवाविरुद्ध ५-३ अशी. २०२४ चा चषक मिळाला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या गर्दीपुढे. चारही विजेतेपदे मुंबईबाहेर ठरली. २०२३ मध्ये आशियातल्या सामन्यांसाठी अंधेरीचे मैदान निकषांत बसले नाही, तेव्हा ‘घरचे’ सामने बालेवाडीत आणि नेरूळला झाले. सौदी अरेबियाचा अल-हिलाल आला तोही नेरूळला. एवढ्या श्रीमंत समूहाच्या ताब्यातल्या संघाला स्वतःच्या शहरात आशियाई दर्जाचे मैदान का मिळू नये, हा पाठीराख्यांचा सवाल रास्त होता आणि आजही आहे.

२०२५ चा पेच

मालक आणि पाठीराखे यांच्यातल्या तणावाला भारतात तिसरी बाजू आहे : लीगचाच मालक. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आपले व्यावसायिक हक्क दिले होते. त्यातूनच पुढे आयएसएल चालवणारी एफएसडीएल (फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड) ही कंपनी आली. हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. नवा करार होईना, तेव्हा जुलैत एफएसडीएलने हंगाम स्थगित केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, नव्या निविदेला नोव्हेंबरात एकही बोली आली नाही. बेंगळुरू एफसीने पगार थांबवले, इतर संघांनीही कामकाज आवरते घेतले. डिसेंबरच्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला आणि संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला. महिंद्रानंतर पंधरा वर्षांनी मुंबईच्या पाठीराख्याने तीच बातमी वेगळ्या शब्दांत वाचली. फरक इतकाच की या वेळी संघ उरला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून चौदा संघांचा हंगाम सुरू होईल असे जाहीर केले.

या सगळ्या महिन्यांत न्यायालयात महासंघ होता, कंपनी होती, संघांचे मालक होते, खेळाडूंनीही आवाज उठवला. पाठीराख्यांसाठी मात्र चर्चेच्या टेबलावर एकही खुर्ची नव्हती. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा महासंघांच्या कारभारापुरता आहे; संघमालक आणि प्रेक्षक यांच्या नात्याला तो हात घालत नाही.

निषेधाची हत्यारे

मुंबईत फुटबॉलचे पाठीराखे दोन प्रकारचे. एक अंधेरीच्या स्टँडातले, दुसरे मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनलचे. लोअर परळ-वांद्र्याच्या पबांत मोठ्या पडद्यापुढे जमणारे. बरेचदा माणूस एकच, जर्सी दोन. या दुसऱ्या वेडातून परदेशी संघर्षांची भाषा इथे आली. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये कर्ज काढून मँचेस्टर युनायटेड घेतला आणि ते कर्ज संघावरच टाकले. चिडलेल्या काही पाठीराख्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा संघ काढला. युरोपियन सुपर लीगचा, म्हणजे बड्या संघांनी आपल्यापुरती वेगळी लीग काढण्याचा, घाट उधळल्यावर, २ मे २०२१ ला ओल्ड ट्रॅफर्डमध्ये निदर्शक घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. तेव्हा मुंबईत कोविडचे कडक निर्बंध होते आणि रविवारी रात्री सामना पाहायला बसलेल्या लोकांनी घरच्या पडद्यावर निदर्शने पाहिली.

लिव्हरपूलचे उदाहरण जास्त शिकवणारे आहे. ७७ पौंडांच्या तिकिटाचा निषेध म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये सुमारे दहा हजार प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. २-० ने पुढे असलेला संघ २-२ वर आला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. जर्मनीत ५०+१ नियमामुळे मतांचे बहुमत सहसा सभासदांकडेच राहते, तरीही २०२४ मध्ये तिथल्या प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याचा बेत हाणून पाडला.

भारतात मालकाला नमवणारी मोहीम झाली ती कोलकात्यात. २०२० मध्ये विलीनीकरणानंतर मोहन बागानच्या नावापुढे त्याच शहरातल्या एटीके या आयएसएल संघाचे नाव लागले, आणि ‘रिमूव्ह एटीके’ची हाक तीन वर्षे थांबली नाही. मार्च २०२३ मध्ये अंतिम सामना जिंकल्यावर संघाचे मालक संजीव गोएंका यांनी नाव बदलत असल्याचे जाहीर केले. ईस्ट बंगालच्या पाठीराख्यांनी जुलै २०२१ मध्ये गुंतवणूकदाराशी चाललेल्या वादात पोलिसांच्या लाठ्याही खाल्ल्या.

ही हत्यारे मुंबईत तशीच चालत नाहीत. बहिष्काराला धार येते ती भरलेले मैदान रिकामे झाल्यावर. जून २०१८ मध्ये याच अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला (तैवानला) ५-० ने हरवले ते २,५६९ प्रेक्षकांपुढे. कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून आवाहन केल्यावर केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. मैदान भरायलाच आवाहन लागते तिथे ते रिकामे ठेवण्याची धमकी मालकाला कितपत टोचेल? मुंबईच्या पाठीराख्यांनी म्हणून आजवर ढोल, फलक आणि निवेदन यांवर भर दिला, आणि माझ्या मते त्यात दुबळेपणा नाही. रोपटे हलवून पाहण्याआधी त्याला पाणी घालावे लागते, हे त्यांना कळते.

मालकाविना फुटबॉल

मालक-पाठीराखे वाद मुळातच उद्भवत नाही असे फुटबॉल महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरचे पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा हे संघ पेठांचे नि तालमींचे. शाहू स्टेडियमवर चुरस टोकाला जाते, कधी हातघाईवरही येते, पण ती दोन पेठांतली. संघ विकला जाईल ही शंका तिथे कोणाच्या मनात येत नाही, कारण विकणारा वेगळा नाही. या संघांकडे आयएसएलचा पैसा नाही. त्यांचे खेळाडू पुढे जायचे तर गाव सोडतात. ही किंमतही खरी आहे.

मुंबईतही लहान प्रमाणावर असे फुटबॉल जिवंत आहे. वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर स्थानिक लीगचे सामने होतात. ज्यांचे नाव या मैदानाला दिले आहे ते मुंबईचे डिसूझा म्हणजे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ २००२ मध्ये मिल्टन कीन्सला हलवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी एएफसी विम्बल्डन उभा केला. नऊ वर्षांत तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये प्लाऊ लेन या आपल्या मूळ ठिकाणी परतला. तशी वाट आता कागदावर भारतातही आहे : जिल्हा संघटनेची लीग, मग आय-लीग ३, आय-लीग २, आय-लीग (२०२६ पासून ‘इंडियन फुटबॉल लीग’) आणि २०२३ पासून तिथल्या विजेत्याला आयएसएलचे दार. केरळात त्रावणकोर रॉयल्सने पाठीराख्यांच्या मालकीचा संघ म्हणून सुरुवात केली. मुंबईत या वाटेची पहिली पायरी म्हणजे संघाची नोंदणी, खेळाडूंचे अर्ज आणि सरावासाठी मैदानाचे भाडे. त्यातले भाडे सगळ्यात अवघड.