बांधावरचं गाजर गवत आणि 'हर्बल' क्रीमची डबी

कोल्हापुरातून कागलकडे निघा नाहीतर शिरोळकडे, उसाच्या बांधावर गाजर गवत दिसणारच. ते उपटताना पापण्या, मान, कोपराची खोबण खाजून लाल होते, हे शेतकऱ्याला सांगायला डॉक्टर लागत नाही. पण तोच माणूस महाद्वार रोडवरून 'शंभर टक्के नैसर्गिक' क्रीम आणतो, तेव्हा डबीवरची फुलं त्याच गवताची भाऊबंद असू शकतात, हे त्याला कोणी सांगत नाही.

गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातलं. कॅमोमाइल, आर्निका, फीवरफ्यू, कॅलेंड्युला ही क्रीमवाल्यांची लाडकी मंडळीही याच कुळातली. या कुळातल्या अनेक वनस्पतींत सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या गटातली रसायनं असतात. गाजर गवतात पार्थेनिन, आर्निकात हेलेनालिन, फीवरफ्यूत पार्थेनोलाइड. त्यांचे रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराला ती जोडी परकी वाटते. रोगप्रतिकारशक्तीच्या टी पेशींनी ती एकदा हेरून ठेवली की पुढच्या खेपेला जरासा स्पर्शही पुरतो; मग तो गवताचा असो की अर्काचा. त्यात पुरळ उठतं एक-दोन दिवसांनी. तोवर संशय साबणावर जातो आणि क्रीम मात्र दोन्ही वेळा लावणं चालूच राहतं.

सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही, आणि सगळी फुलंही सारखी नाहीत. आर्निकाच्या मानानं कॅलेंड्युला बरीच सौम्य. शिवाय अर्क पाण्यात काढला, अल्कोहोलमध्ये की तेलात, यावर त्यात काय उतरलं हे ठरतं, आणि ते बहुतेक डब्यांवर लिहिलेलं नसतं. फीवरफ्यूच्या काही अर्कांतून पार्थेनोलाइड मुद्दाम काढून टाकतात. म्हणजे 'नैसर्गिक' अर्क सुरक्षित झाला तो प्रयोगशाळेत! जाहिरातीत हे सांगायला लाज का वाटावी, कळत नाही.

नवं क्रीम रात्री एकदा हातावर लावून सकाळी बघितलं, एवढ्यावर भागत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, निदान आठवडाभर लावून बघावं. ज्यांना गाजर गवताचा त्रास आधीच आहे त्यांनी मात्र घरी प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या दोन दिवसांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. जाताना क्रीमची डबीच बरोबर न्यावी, म्हणजे तेच क्रीम पट्टीवर लावून बघता येतं.