शत्रू थांबतो की नाही? रिअल-टाइम आणि टर्न-बेस्ड गेममधला फरक

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा अमळनेरला आला तो लॅपटॉप बगलेत मारूनच. चपला काढायच्या आधी तक्रार, "मामा, हाई ते हालसच नही!" बघतो तर सिव्हिलायझेशन सहा हा गेम उघडलेला. नकाशावर एक सेटलर (शहर वसवणारा), एक वॉरियर (लढवय्या), आणि पोरगा पंधरा मिनिटं माउसवर हात ठेवून शत्रूची वाट बघतोय. उजव्या कोपऱ्यातलं बटण त्याच्याकडे हुकूम मागत होतं, पण त्याला वाटलं गेम हँग झालाय. मित्राने सांगितलं होतं म्हणे, "एज ऑफ एम्पायर्ससारखाच आहे, सेलमध्ये स्वस्त मिळतोय, घेऊन टाक."

मित्र तसा खोटं बोलला नव्हता. दोन्हींत इतिहास आहे, गाव वसवायचं आहे, माणसं कामाला लावायची, शोध लावायचे, शेवटी शेजाऱ्याच्या घरात घुसायचं. दुकानात दोन्हींच्या पाटीवर 'स्ट्रॅटेजी' एवढंच लिहिलेलं असतं. आणि नातंही जवळचं आहे. 1991 साली सिड मायरने पहिला सिव्हिलायझेशन केला तेव्हा त्याच्या जोडीला ब्रूस शेली होता. हाच शेली पुढे एन्सेम्बल स्टुडिओजमध्ये गेला आणि 1997 साली आलेल्या पहिल्या एज ऑफ एम्पायर्सच्या रचनेत त्याचा मोठा हात होता. म्हणजे दोन्ही गेम सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेतच. चेहरा सारखा, स्वभाव उलटा.

एज ऑफ एम्पायर्स रिअल-टाइम, म्हणजे घड्याळ सगळ्यांसाठी एकदम चालतं. तुम्ही डोकं खाजवत बसलात तरी समोरचा लाकूड तोडतोच आहे. सिव्हिलायझेशन टर्न-बेस्ड, म्हणजे डाव पाळीने. तुम्ही हुकूम सोडून पाळी संपवली की मग जग हलणार. तोवर तुम्ही चहा पिऊन या, दुकानात जाऊन या, शत्रू जागचा हलत नाही.

एवढं भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे एक फास्ट आणि एक स्लो." इथेच बहुतेकांची गल्लत होते. वेगाचा मुद्दा खरा, पण वरवरचा. खरा फरक असा की तुम्ही खर्च काय करता. सिव्हिलायझेशनमध्ये तुम्ही निर्णय खर्च करता. एज ऑफ एम्पायर्समध्ये लक्ष खर्च करता, आणि ते कधीच पुरत नाही.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते तेव्हा बघा. कपाशीच्या काड्यांवर वांगी टाकलीत, एका बाजूला कळण्याच्या भाकरी चालल्यात, तिसरीकडे कांद्याची पात चिरायची आहे, आणि पाहुणे रस्त्यावर आलेत. यातलं एकही काम अवघड नाही. अवघड हे आहे की वांगं तुमच्यासाठी जळायचं थांबत नाही. हा रिअल-टाइम. आता त्याच शेतात जूनमध्ये उभे राहा. कपाशी लावायची की ज्वारी की केळी, हे ठरवायला आठ दिवस घ्या, चार जणांना विचारा, कोणी घाई करत नाही. पण एकदा ठरलं की वर्ष त्याच्यावर जातं. हा टर्न-बेस्ड.

आता गेममध्येच शिरू. एज ऑफ एम्पायर्स दोन सुरू केलात की नेहमीच्या डावात हाताशी तीन गावकरी, एक घोडेस्वार, 200 अन्न, 200 लाकूड, 100 सोनं आणि 200 दगड. एक गावकरी बनवायला 50 अन्न आणि गेमच्या घड्याळाचे 25 सेकंद. म्हणजे 200 अन्नात चार गावकरी, पुढे काय? तोवर घोडेस्वाराने मेंढ्या शोधून आणायच्या. दरम्यान घर बांधायला हवं, कारण एका घरात पाचच माणसं मावतात आणि जागा संपली की नवा गावकरी बनायचा थांबतो. मग रानडुकराला बाण मारून मागे लावून घेत टाउन सेंटरपर्यंत, म्हणजे गावकरी जिथे बनतात त्या मुख्य इमारतीपर्यंत आणायचं. एका डुकराचं 340 अन्न, पण जरा नजर चुकली तर गावकरीच गेला. हे सगळं पहिल्या पाच-सहा मिनिटांत. पुढच्या युगात जायला 500 अन्न साठवायचं, आणि ते साठवताना गावकरी बनवणं बंद पडू द्यायचं नाही.

नवखा माणूस लढाईत हरतो असं त्याला वाटतं. खरं तर तो मेंढ्या बघत असताना त्याचं टाउन सेंटर दीड मिनिट रिकामं बसलेलं असतं, तिथे हरतो. दीड मिनिट म्हणजे तीन गावकरी कमी, आणि हे तीन गावकरी पुढचा सगळा वेळ जे कमावणार होते ते कमी. सावकाराच्या व्याजासारखं हे चढत जातं. पंधराव्या मिनिटाला समोरच्याचे घोडेस्वार दारात आले की आपण म्हणतो, याच्याकडे एवढी फौज आली कुठून! तुमच्या मेंढ्यांतून आली, बाबा.

सिव्हिलायझेशनमध्ये पहिला प्रश्न एकच: शहर कुठे वसवायचं? नदीकाठी वसवलं तर पाण्याची ददात नाही, लोकसंख्या वाढते. पलीकडच्या टेकडीशेजारी वसवलं तर उत्पादन चांगलं, पण पाणी नाही. यावर दहा मिनिटं विचार केला तरी कोणी शिक्षा करत नाही. शिक्षा होते ती शंभर पाळ्यांनी, जेव्हा कळतं की विद्यापीठासाठी नकाशावरची जी डोंगराकडची चौकट मोकळी ठेवायला हवी होती तिथे आपण आधीच दुसरं काही बांधून बसलो. वेळेचा हिशोबही गमतीचा आहे. नेहमीच्या गतीत सुरुवातीची एक पाळी म्हणजे 40 वर्षं. तुमचा वॉरियर दोन चौकटी पुढे सरकतो तोवर एक पिढी संपते. अमळनेरहून धुळ्याला जाणारी एसटी उशिरा येते म्हणून ओरडणाऱ्यांनी हा गेम एकदा खेळावाच.

शिवाय सिव्हिलायझेशनमध्ये जिंकायला लढाई लागतेच असं नाही. विज्ञान, संस्कृती, धर्म, यांपैकी कशानेही जिंकता येतं. एज ऑफ एम्पायर्समध्येही वंडर (भव्य वास्तू) बांधून किंवा रेलिक्स (पवित्र अवशेष) गोळा करून जिंकायची सोय आहे, पण ऑनलाइन डावात त्याची वाट बघायला कोणी थांबत नाही. तिथे शेवटी दार फोडावंच लागतं.

मी स्वतः दोन्ही खेळतो, पण वेगवेगळ्या वेळी. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा काउंटरवर फोनमध्ये अनसिव्ह चालतो. सिव्हिलायझेशन पाचच्या धर्तीवर केलेला फुकट गेम आहे, दिसायला साधा, पण आतला हिशोब पक्का. कोणी दीड इंची एल्बो मागायला आलं की फोन उलटा ठेवायचा. एल्बो, सोल्युशन, टेफलॉन टेप, वर दहा मिनिटं घासाघीस. परत आलो तरी माझा भालाईत तिथेच उभा. हेच एज ऑफ एम्पायर्समध्ये करून बघितलं होतं. एल्बो देऊन आलो तर राजधानीच्या जागी धूर होता.

कॉलेजात असताना धुळ्याच्या एका सायबर कॅफेत आम्ही सहा जण लॅनवर, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, एज ऑफ एम्पायर्स खेळत बसायचो. उन्हाळ्यात भारनियमन. फौजा समोरासमोर आल्या की नेमकी लाइट जायची आणि पुढचा तासभर "मीच जिंकत होतो" यावर भांडण. तिथे एक गोष्ट लक्षात आली ती पुढे वाचून समजली. एज ऑफ एम्पायर्स फौजेची सगळी माहिती इकडून तिकडे पाठवत बसत नाही, फक्त खेळाडूंचे हुकूम पाठवतो. प्रत्येक कॉम्प्युटर तीच लढाई आपापल्या पोटात चालवतो आणि सगळ्यांनी एका लयीत चालायचं असतं. म्हणून कोपऱ्यातलं एक जुनं डबडं दमलं की सहाही जण रांगायला लागायचे. त्या मशीनवर बसणाऱ्याला आम्ही काय काय बोललोय! टर्न-बेस्डमध्ये ही कटकट नाही. तिथे कॉम्प्युटर कमजोर असेल तर इतर राज्यांच्या पाळ्या संपायला वेळ लागतो, विशेषतः शेवटाकडे, पण त्यामुळे तुमचं काही बुडत नाही.

दोन्हींच्या मधली काही मंडळी आहेत, आणि गोंधळ वाढवण्यात त्यांचा वाटा मोठा. टोटल वॉर मालिकेत मोठा नकाशा पाळीने चालतो आणि लढाई उभी राहिली की घड्याळ सुरू होतं. 2009 च्या एम्पायर: टोटल वॉरमध्ये मराठे घेऊन खेळता येतं. मराठी माणसाला एवढं कारण पुरे आहे, मग लढाया कशा आहेत ते नंतर बघू. युरोपा युनिव्हर्सलिस चारमध्ये तर घड्याळ चालतं, पण स्पेसबार दाबला की सगळं जग थांबतं. थांबलेल्या जगात हवे तितके हुकूम द्या आणि पुन्हा सोडा. हा गेम 1444 साली सुरू होतो, आणि नकाशावर माळवा, गुजरात आणि बहामनी यांच्या कचाट्यात खान्देश नावाचं छोटं राज्य आहे. फारुकींचं. ते घेऊन खेळता येतं. मी चार वेळा घेतलं, चारही वेळा शेजाऱ्यांनी गिळलं. खऱ्या इतिहासात फारुकी 1601 पर्यंत टिकले, अकबराला असीरगडाखाली महिनोन्महिने तळ ठोकून बसावं लागलं तेव्हा कुठे गड हातात आला. म्हणजे माझ्यापेक्षा त्यांचं बरं चाललं होतं. राइज ऑफ नेशन्स, 2003 चा, हाही मधलाच म्हणायला हरकत नाही: घड्याळ एज ऑफ एम्पायर्सचं, पण शहरं आणि सीमा सिव्हिलायझेशनच्या वळणाच्या. त्याच्या ब्रायन रेनॉल्ड्सने सिव्हिलायझेशन दोनही केला होता, तेव्हा वळण कुठून आलं ते उघड आहे.

फोनवरचे ते गाव बांधायचे गेम, ज्यात एक भिंत पक्की व्हायला आठ तास लागतात, ते मी कुठल्याच खात्यात धरत नाही. तिथे घड्याळ चालतं ते तुमचा खिसा हलका व्हावा म्हणून.

मग भाच्याला काय दिलं? त्याला रिअल-टाइमच हवा होता, हे त्याच्या चेहऱ्यावरच होतं. लॅपटॉप साधा, म्हणून आधी शून्य ए.डी. टाकून दिला. फुकट आहे, लिनक्सवरही चालतो, त्यात मौर्य आहेत, हत्ती आहेत. कॉम्प्युटर शत्रू कधी कधी मठ्ठासारखा वागतो, पण शिकायला तेवढं चालतं. हात बसला की एज ऑफ एम्पायर्स दोनची डेफिनिटिव्ह आवृत्ती घ्यायची. मूळ गेम 1999 चा, ही आवृत्ती 2019 ची, आणि आजही यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. 2022 मध्ये आलेल्या जोडणीत एकट्या 'इंडियन्स'च्या जागी हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा चार सत्ता आल्या. राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा खेळता येतात.

स्टारक्राफ्ट दोन हाही रिअल-टाइमच, फुकट मिळतो, त्याची पहिली कथामोहीमही फुकट, आणि ती अप्रतिम आहे. पण त्याच्या ऑनलाइन डावात नवख्याने लगेच उतरू नये. तिथले मुरलेले खेळाडू मिनिटाला 300 च्या घरात हुकूम देतात. आपला आपल्याशीच लाजायचा कार्यक्रम होतो. ज्यांना गाव बांधायला आवडतं पण समोर माणूस नको, त्यांनी दे आर बिलियन्स बघावा: घड्याळ चालतं, पण थांबवून बांधकाम करता येतं. मग एक दिवस एक झाँबी कोपऱ्यातून आत शिरतो आणि तासाभराची वस्ती बघता बघता खलास होते.

सिव्हिलायझेशन सहा तो फेकून द्यायला निघाला होता, पण मी ठेवायला लावला. बारावीच्या वर्षात तोच उपयोगी पडेल, कधीही बंद करता येतो. (असं ताईला सांगितलंय. रात्री दोन वाजेपर्यंत "एकच पाळी अजून" म्हणत माणसं बसतात हे तिला सांगितलेलं नाही.)

पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवली. डेफिनिटिव्ह आवृत्तीत एच दाबलं की टाउन सेंटर निवडलं जातं, मग क्यू दाबलं की गावकरी. नजर मेंढीवर असो की लढाईवर, डाव्या हाताने दर थोड्या वेळाने एच, क्यू. माउस तिकडे न्यायचा नाही, बघायचंही नाही. माझ्या लॅपटॉपवर सराव चालायचा. आठव्या दिवशी रात्री जेवायला बसलो होतो. उजव्या हाताने शेवभाजीत भाकरी बुडवणं चालू, आणि डाव्या हाताची दोन बोटं ताटाच्या कडेवर आपोआप टकटक करत होती. ताईने विचारलं, "काय रे, काय वाजवतोस?"

"गावकरी," म्हणाला.