स्टीम रॅली

स्टीम रॅली : रुळांवाचून चालणारी जुनी वाफेची इंजिने दुरुस्त करून, त्यांत विस्तव पेटवून ती चालती दाखवण्याचा ब्रिटनमधील मेळावा. तो बहुधा उन्हाळ्यात गावाबाहेरच्या कुरणात भरतो. ‘रॅली’ म्हटले की आपल्याला मोर्चा किंवा मोटारींची शर्यत आठवते. हिचे वळण मात्र जत्रेचे आहे. पाळणे असतात, खाण्याचे तंबू असतात, पाऊस झाला तर भरपूर चिखलही असतो.

मेळाव्याचे मुख्य आकर्षण म्हणजे ट्रॅक्शन इंजिन, अर्थात आपल्या चाकांवर चालून ओझे ओढणारे वाफेचे इंजिन. त्याआधी शेतावरची वाफेची इंजिने घोडे जुंपून एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यावी लागत. १८५९ मध्ये केंट परगण्यातील रॉचेस्टर येथील टॉमस एव्हलिंग यांनी अशाच एका इंजिनाचा फिरता दांडा साखळीने मागच्या आसाला जोडला आणि घोडे सुटले. सरकारला ही गाडी धोक्याची वाटली. १८६५ च्या कायद्याने तिला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच मुभा दिली. शिवाय लाल निशाण घेतलेला माणूस गाडीपुढे चालत ठेवायचा.

लीड्सच्या जॉन फाउलर यांनी नांगरटीचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. इतके जड इंजिन वावरात घातले तर जमीन दबून जाईल, म्हणून दोन इंजिने शेताच्या दोन बांधांवर समोरासमोर उभी करायची. प्रत्येकाच्या पोटाखाली आडवे मोठे रीळ आणि त्यावर पोलादी दोर. एक इंजिन नांगर आपल्याकडे ओढते, तोवर दुसरे दोर सोडते आणि एक पाऊल पुढे सरकते. मध्ये शेतभर अंतर, म्हणून इशारा शिटीचा. रॅलीत हा खेळ आजही दाखवतात आणि प्रत्यक्ष शेतकरी तिथून लवकर हलत नाहीत.

डिझेलचे ट्रॅक्टर व लॉऱ्या आल्यावर ही इंजिने भंगारात निघू लागली. त्यांना वाचवणाऱ्या चळवळीचा उगम एका पैजेत सांगतात. १९५० मध्ये ॲपलफर्ड गावचे आर्थर नॅपर यांनी आपले मार्शल कंपनीचे ‘ओल्ड टायमर’ इंजिन एका मित्राच्या इंजिनाबरोबर पळवले. पैज होती बिअरच्या एका पिंपाची. नॅपर जिंकले. पुढे अशा शर्यतींना गर्दी जमू लागली आणि १९५४ मध्ये ट्रॅक्शन इंजिनवाल्यांचा राष्ट्रीय क्लब स्थापन झाला. १९६९ मध्ये डॉर्सेट परगण्यात सुरू झालेली ‘ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर’ ही या मेळाव्यांतली सर्वांत नावाजलेली. तिथे इंजिने नुसती ओळीत उभी नसत, तर चढावर अवजड ओझी ओढत. पितळ चकाकवून रांगेत मांडलेल्या इंजिनांपेक्षा हे दृश्य निश्चितच खरे.

दुरुस्ती अवघड होते ती बॉयलरमुळे. मोटारीला सांगाडा वेगळा असतो. इथे बॉयलर हाच सांगाडा. सिलिंडर, फिरता दांडा, गतिचक्र सगळे त्याच्याच अंगावर बसवलेले. त्यामुळे भट्टीचा पत्रा झिजला की अख्खे इंजिन उतरवावे लागते. गंजलेल्या धूरनळ्या ठोकून बाहेर काढायच्या, नव्या बसवायच्या, मग कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाबाने गार पाणी भरून चाचणी घ्यायची. पाणीच का, तर पत्रा फाटला तरी ते वाफेसारखे स्फोट करत नाही. पुढची चाचणी वाफेची, आणि तपासनिसाचा दाखला असल्याशिवाय इंजिन जत्रेत येत नाही. बोल्टनचे, कारखान्यांच्या उंच धुराड्यांची कामे करणारे फ्रेड डिबना यांनी १९१० चा एक वाफेचा रोलर घराच्या परसात उभा केला. टीव्हीमुळे तो छंद घराघरांत पोचला.

रॅलीची सकाळ फार लवकर उजाडते. थंड बॉयलरला वाफ धरायला दोन-तीन तास लागतात. आधी लाकडे, मग कोळसा. घाई केली तर पत्रा एकीकडे तापून एकीकडे गार राहतो. चालकाची नजर सारखी बॉयलरमधले पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या उभ्या नळीवर असते. पाणी फार खाली गेले तर भट्टीच्या छतातल्या बुचाचे शिसे वितळते आणि वाफ विस्तवावर येते. इंजिन वाचते, चालकाची अब्रू जाते. एवढ्यात कोणीतरी कोळशाचे फावडे गरम पाण्याने धुऊन त्यावर अंडी फोडतो आणि फावडे भट्टीच्या तोंडाशी धरतो.

भारताशी या इंजिनांचा संबंध जुना आहे. स्कॉटलंडच्या आर. डब्ल्यू. थॉमसन यांच्या, चाकांना जाड रबर लावलेल्या गाड्या लेफ्टनंट क्रॉम्प्टन यांनी १८७० च्या दशकात हिंदुस्थानातील रस्त्यांवर चालवून पाहिल्या. त्यांतल्या एकीचे नाव ‘रावी’. हेच क्रॉम्प्टन पुढे विजेच्या धंद्यात गेले. मुंबईच्या क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज कंपनीच्या आणि आपल्या छतावरच्या पंख्याच्या नावात ते अजून आहेत. याच कुळातला वाफेचा रोलर मात्र आपल्या रस्त्यांवर खडी दाबत पुष्कळ वर्षे टिकला.

संध्याकाळ असते जत्रावाल्यांच्या इंजिनांची. थेटफर्डच्या बरेल कंपनीची अशी इंजिने प्रसिद्ध आहेत: वर छत, पीळदार पितळी खांब आणि धुराड्यापुढे डायनामो. गतिचक्रावरून लांब पट्टा डायनामोवर जातो आणि कडेचे शेकडो दिवे लागतात. पाळणा सुटला की भार येतो, दिवे क्षणभर मंद होतात आणि धुराड्याचा ठोका जड पडू लागतो.