प्रोसेसर घेताना कॅश मेमरीचा आकडा कसा वाचावा

‘एल३ कॅश ३२ एमबी’ असं प्रोसेसरच्या माहितीत लिहिलेलं असतं. त्यावर ग्राहकांचा हमखास प्रश्न असतो: जास्त कॅशवाला घेतला तर कॉम्प्युटर जास्त पळेल ना? काही कामांत पळेल, काहींत फरक जाणवणारही नाही.

रॅममधून माहिती यायला साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात ४ गिगाहर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके, कामाच्या छोट्या पायऱ्या, टाकणाऱ्या) प्रोसेसरचे तीन-चारशे ठोके वाया जातात. म्हणून नुकतीच वापरलेली माहिती, आणि तिच्या शेजारचीही (बहुतेक प्रोसेसर एका वेळी ६४ बाइट उचलतात), चिपवरच जवळ ठेवली जाते. हीच कॅश. सगळी मेमरी अशीच का बनवत नाहीत? कॅशमध्ये एका बिटाला सहसा ६ ट्रान्झिस्टर लागतात, रॅममध्ये १ ट्रान्झिस्टर आणि १ कपॅसिटर; म्हणून कॅश जास्त जागा खाते आणि महाग पडते. शिवाय कॅश जितकी मोठी, तितका तिच्यात शोधायला वेळ जास्त. म्हणूनच ती पायऱ्यांची असते: एल१ जेमतेम काही डझन केबींची पण ४-५ ठोक्यांत उत्तर देणारी, एल२ तिच्याहून मोठी आणि संथ, एल३ सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत संथ.

खरी मेख इथेच आहे. एक सोपं गणित करून पाहा. समजा, कॅश ४ ठोक्यांत उत्तर देते, १०० पैकी ५ वेळा माहिती तिच्यात सापडत नाही आणि तेव्हा रॅमकडे जायला आणखी २०० ठोके लागतात. सरासरी झाली ४ + १० = १४. आता कॅश मोठी केली. न सापडण्याचं प्रमाण ४ वर आलं, पण उत्तराला ७ ठोके लागू लागले. सरासरी १५. म्हणजे पैसे जास्त मोजून काम हळू! तेच प्रमाण २ वर आलं असतं, तर सरासरी ११ झाली असती. ते किती खाली येईल हे कॅशपेक्षा तुमच्या प्रोग्रॅमवर अवलंबून असतं.

एएमडी या प्रोसेसर कंपनीने २०२२ मध्ये आणलेला रायझेन ७ ५८००एक्स३डी याचं चांगलं उदाहरण आहे. साध्या ५८००एक्सच्या ३२ एमबी एल३वर आणखी ६४ एमबीचा थर चढवला, पण मूळ वेग ३.८ वरून ३.४ गिगाहर्ट्झवर आणावा लागला. बऱ्याच गेम्समध्ये तो सरस ठरला; थ्रीडी रेंडरिंगमध्ये मात्र साधाच थोडा पुढे राहिला.

जाहिरातीत एल२ आणि एल३ची बेरीज करून मोठा आकडा छापलेला असतो, तो सुटा करून घ्या. रायझेन ९ ७९५०एक्स३डीची १२८ एमबी एल३ही एकसंध नाही: ८ कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागांच्या) एका गटाकडे ९६, दुसऱ्याकडे ३२.

आमचं मत विचाराल तर गेम्स आणि सिम्युलेशनसाठी मोठ्या एल३वर खर्च करा. टायपिंग, हिशेब, इंटरनेट एवढंच काम असेल, तर तोच पैसा एसएसडी आणि रॅममध्ये घाला. रॅमही एका मोठ्या पट्टीऐवजी दोन पट्ट्यांत घ्या, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन्ही वाटांनी माहिती येते.

ब्राउझरमधली ‘कॅश साफ करा’ ही सोय वेगळी. ती डिस्कवरच्या फाइली पुसते, प्रोसेसरच्या कॅशला हात लावत नाही. आणि प्रोसेसरची कॅश नंतर वाढवता येत नाही. पेंटियमच्या काळात काही मदरबोर्डवर कॅशची वेगळी पट्टी बसवता यायची, आता सगळं प्रोसेसरच्या आतच असतं. म्हणून दुकानात चौकशीला येताना रोज कोणते प्रोग्रॅम चालवता, त्यांची यादी सोबत आणा.