हृदयाच्या गोळ्या बदलायच्या आधी पट्टीची मागची बाजू वाचा

मिरजेच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन येणारे, तासगाव-कवठ्याहून एसटीनं येणारे आपले बरेच ग्राहक सांगलीत आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर हेच विचारतात, "ही लय महाग पडते, हिच्याऐवजी दुसरी द्या की, काम तेच करते ना?" आता याचं उत्तर कधी हो असतं आणि कधी अजिबात नाही, म्हणून हे नीट लिहून देतोय.

फक्त कंपनी बदलली, आतला कंटेंट (म्हणजे औषध), पॉवर (किती एमजी) आणि प्रकार (साधी की हळू विरघळणारी) तोच राहिला, तर जेनेरिक, म्हणजे तेच औषध दुसऱ्या स्वस्त कंपनीचं, घ्यायला बहुतेक वेळा काही हरकत नसते, पैसे वाचतात. घोटाळा होतो तो नाव अर्धंच वाचल्यामुळं.

मागं एक मावशी दोन पट्ट्या घेऊन आल्या होत्या, दोन्हीवर मेटोप्रोलॉल ५०, म्हणजे नाडी आणि बीपी कमी करायची गोळी. आधीची सक्सिनेट होती, म्हणजे एक्सएल, जी हळूहळू विरघळते आणि दिवसातून एकदा घेतली की पुरते, आणि दुसऱ्या एका दुकानातून मिळालेली होती साधी टार्ट्रेट, जी साधारणपणे दोनदा घ्यावी लागते. मावशी सवयीनं सकाळी एकच घ्यायच्या आणि संध्याकाळ झाली की धडधड सुरू. त्यात मागच्या बारीक अक्षरांत गंमत अशी की सक्सिनेटच्या कित्येक पट्ट्यांवर "सक्सिनेट ४७.५ एमजी, टार्ट्रेट ५० एमजीच्या बरोबरीचं" असं छापलेलं असतं, दोन्ही शब्द एकाच ओळीत, मग चष्मा लावूनही माणूस चुकणारच. पहिला शब्द बघायचा आणि एक्सएल, एक्सआर किंवा ईआर लिहिलंय का ते बघायचं. अशी गोळी चावायची नाही, कुटून पाण्यातनं द्यायची नाही.

हा फरक नुसता वेळेचा नाही बरं का. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणाऱ्या पेशंटवर १९९९ च्या मेरिट-एचएफ अभ्यासात सक्सिनेटनं मृत्यूचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालं. २००३ च्या कॉमेट अभ्यासात कार्व्हेडिलॉल ही त्याच जातीची दुसरी गोळी मेटोप्रोलॉलपेक्षा सरस ठरली, पण तिथं समोर टार्ट्रेट होती, त्यामुळं सक्सिनेटपेक्षाही ती भारी असं त्यावरनं म्हणता येत नाही. डॉक्टर गोळी निवडतात ते असलं सगळं बघून, शिवाय दमा आहे का, शुगर आहे का, नाडी किती आहे, हे बघून. शेजारच्या काकांना जी लागू पडली ती तुम्हाला दम्यात त्रास देऊ शकते.

रामिप्रिल या बीपी-हृदयाच्या गोळीनं कोरडा खोकला लागला तर कफ सिरपच्या बाटल्या संपवत बसू नका, डॉक्टरांना सांगा. २००८ च्या ऑनटार्गेट अभ्यासात टेल्मिसार्टन ही दुसरी बीपीची गोळी तिच्या तोडीची ठरली आणि खोकला बराच कमी होता, म्हणजे पर्याय आहे. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं कधीकधी घोट्याला सूज येते, तेही सांगायचं. स्टेंट टाकल्यावर टिकाग्रेलॉर ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कधीकधी नुसत्या गोळीनंच धाप लागल्यासारखं होतं, पण ते गोळीनं की हृदयामुळं हे डॉक्टरांनीच बघायचं, आणि अशी गोळी मनानं एक दिवससुद्धा बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेततं. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या जातीच्या गोळ्याही एकदम सोडल्या तर छातीत दुखणं उलटून येतं.

गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मागताना हृदयाची ट्रीटमेंट चालू आहे एवढं तरी बोला, आमचं विचारायचं राहिलं तरी तुम्ही बोला. त्यानं बीपी वाढतं, अंगात पाणी साठतं.

पट्टी कापून घेताना नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत जपा, गोळ्या वरच्या टोकाकडनं संपवत आलात तर पुढच्या वेळी आमच्या हातात नुसती चंदेरी पट्टी येते. चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून आणा, सकाळ-रात्र आम्ही पेननं लिहून देतो, त्याचे पैसे नाहीत. आणि गोळ्या आठ दिवसांच्या उरल्या की लगेच कळवा, एक्सएल दुकानात नसेल तर तेवढ्या दिवसात मागवून ठेवतो, मग घाईत साधी न्यायची वेळ येत नाही.